आवाज उसना चालेल, गाणं नाही!

मित्रहो, सुकापूरच्या आपल्या होस्टेलवर दहा-दहा मिनिटांची प्रोग रॉक गाणी वाजली की काहीजण नाक मुरडतात, ‘जुन्याचीच कॉपी!’ मला नाही पटत. किंग क्रिमसननं १९६९ मध्ये वापरलेलं मेलोट्रॉन म्हणजे प्रत्येक पट्टीला जेमतेम ८ सेकंदांची टेप! स्वीडनच्या ओपेथनं २०११ च्या ‘हेरिटेज’मध्ये तोच आवाज परत आणला, गाणी मात्र स्वतःची. २००९ मध्ये पवईच्या मूड इंडिगोत पॉर्क्युपाइन ट्री येऊन गेले, तेही स्वतःचीच गाणी घेऊन. आणि आपल्या गॅदरिंगला? सगळे बँड कव्हर्सच वाजवतात, बक्षिसंही त्यांनाच! परीक्षक सरांनो, यंदा एक बक्षीस स्वतःच्या गाण्याला ठेवा. मराठीत असेल तर वन्स मोअर आमच्याकडून!