दरवेळी कॉईलच कशी जाते?

ब्रश कटर बंद पडला, दुकानात नेला, दोरी दोनदा ओढली की निकाल तयार: "कॉईल गेली." अहो, पण तपासलं कधी?

आधी प्लग बदलून बघा. करंट नाही? मग कॉईलकडून स्टॉप स्विचला जाणारी बारीक वायर सोडवा. प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवा आणि दोरी ओढा. प्लगच्या भोकापासून आणि पेट्रोलपासून लांब धरा बरं का. आता ठिणगी पडली तर कॉईल ठणठणीत आहे. दोष स्विचचा, नाहीतर घासून बॉडीला लागलेल्या वायरचा.

तरी नाही? मॅग्नेट आणि कॉईलच्या पायांवरचा गंज पॉलिश पेपरने काढा. गॅप साधारण 0.3 मिमी हवी. मध्ये व्हिजिटिंग कार्ड धरून बोल्ट आवळा, मग कार्ड ओढून काढा.

एवढं करूनही ठिणगी नाही, किंवा गार असताना आहे आणि तापलं की गायब, तेव्हा कॉईल बदला. पण पंख्याच्या जाळीत गवत तसंच ठेवलं तर नवीही तापून जाईल.

यंत्राला अनुदान मिळतं, हे शिकवायला मात्र कुणी येत नाही. सहायक कृषी अधिकारी साहेब, पुढच्या शेतीशाळेत एक इंजिन उघडून दाखवा की! आणि मंडळी, कॉईल बदललीच तर जुनी मागून घ्या. पैसे आपण मोजलेत.