ओंडके आले, तीर ओसाड होता

इ. स. १८८० मध्ये भारतीय सर्वेक्षण खात्याने किंथुप नावाच्या एका निरक्षर सिक्कीमी माणसाला एका लामासोबत तिबेटात धाडले. तिबेटातील त्सांगपो आणि आसामातील ब्रह्मपुत्र हा एकच प्रवाह आहे काय, याचा छडा लावायचा होता. खुणेचे ओंडके तिकडे पाण्यात सोडायचे आणि ते वाहत येतात का, हे इकडच्या अधिकाऱ्यांनी पाहायचे, असा बेत होता. लामाने वाटेत किंथुपलाच गुलाम म्हणून विकले आणि स्वतः पसार झाला. किंथुप निसटला, एका मठाच्या आश्रयास राहिला, चाकरी करता करता पाचशे ओंडके तोडले, अमुक दिवसांत ते सोडणार असल्याचे पत्र ल्हासाहून धाडले आणि ठरल्याप्रमाणे रोज पन्नास असे दहा दिवस ते प्रवाहात लोटले. पत्र वेळेवर पोहोचलेच नाही. ज्या अधिकाऱ्यासाठी ते होते तो एव्हाना हिंदुस्थान सोडून गेला होता. ओंडके आले असतील, पण तीरावर पाहायला कोणी नव्हते.

या कथेची आठवण होण्याचे कारण म्हणजे १९ जुलै २०२५ हा दिवस. त्या दिवशी चीनचे पंतप्रधान ली च्यांग यांनी तिबेटातील न्यिंगची येथे जगातील सर्वांत मोठ्या जलविद्युत प्रकल्पाचा प्रारंभ केला. खर्चाचा अंदाज सुमारे १.२ लाख कोटी युआन. वीजनिर्मिती यांगत्से नदीवरील थ्री गॉर्जेस धरणाच्या सुमारे तिप्पट. नामचा बरवा शिखराला वळसा घालून हा नद (आपल्या परंपरेने ज्या मोजक्या प्रवाहांना पुल्लिंगी मानले, त्यांतला हा एक) जेथे सुमारे दोन हजार मीटर खाली कोसळतो, तेथेच, आपल्या अरुणाचलाच्या उंबरठ्यावर, हे काम चालले आहे.

आता चीन ब्रह्मपुत्र कोरडा पाडणार, अशी हाकाटी आपल्याकडे लगेच सुरू होते. तिच्यात अर्धेच सत्य आहे, आणि अर्धसत्यावर राष्ट्ररक्षणाचे धोरण उभे राहत नाही. ब्रह्मपुत्राचे बहुतांश पाणी आपल्याच भूमीवरील पावसाचे आणि सुबनसिरी, दिबांग, लोहित, मानस या उपनद्यांचे आहे. खरा धोका निराळा आहे. पाणी अडवले जाण्यापेक्षा ते अवचित सोडले जाण्याचे भय मोठे. इ. स. २००० मध्ये तिबेटातील यिगोंग नदीवर दरड कोसळून तलाव साचला, जून महिन्यात तो फुटला, आणि सियांगच्या खोऱ्यातील पूल वाहून गेले, माणसे दगावली. ते निसर्गाचे कृत्य होते. परंतु वर काय साचले आहे हे खालच्यांना वेळेवर न कळणे, हे निसर्गाचे कृत्य म्हणता येईल काय? शिवाय हा सारा टापू भूकंपप्रवण आहे. १५ ऑगस्ट १९५० रोजी तिबेटच्या सीमेवर ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यानंतर दरडींनी अडलेली सुबनसिरी काही दिवसांनी फुटून पूर आला. नदाचे पात्र गाळाने उंचावले आणि दिब्रुगढ शहराचा मोठा भाग पुढे धुपून गेला.

आसाम त्या तडाख्यातून सावरत होता तोच, ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य तिबेटात घुसले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी सरदार पटेलांनी पंडित नेहरूंना सविस्तर पत्र लिहून या घटनेचा अर्थ स्पष्ट केला होता. हा इशारा कोणी मनावर घेतला? १९५४ च्या करारात आपण तिबेट हा चीनचा प्रदेश असल्याचे मान्य केले, तेथील आपले वारसाहक्काने आलेले अधिकार सोडून दिले. पंचशीलाची सुभाषिते तेवढी पदरात पडली. त्या करारात व्यापार होता, यात्रेकरू होते. आपल्या दारी येणाऱ्या पाण्याविषयी काही नव्हते. हातात देण्यासारखे काही होते तेव्हा आपण मागितले नाही, मग आज कोणत्या बळावर मागणार?

उरला तो २००२ चा सामंजस्य करार. पावसाळ्यात चीनने पाण्याच्या पातळीची माहिती द्यायची, इतकेच त्याचे स्वरूप. २०१७ मध्ये डोकलाम येथे आपले जवान ठामपणे उभे राहिले, त्या वर्षी ती माहिती आली नाही. केंद्रांची दुरुस्ती चालू आहे, असे उत्तर मिळाले. २०२३ मध्ये कराराची मुदत संपली. ऑगस्ट २०२५ मध्ये चीनने आणीबाणीच्या प्रसंगी ‘मानवतेच्या भूमिकेतून’ माहिती देण्याचे मान्य केले. हक्काची गोष्ट अशी उपकाराच्या खात्यात जमा झाली! याउलट आपण बांगलादेशाशी १९९६ मध्ये गंगेच्या पाण्याचा तीस वर्षांचा लेखी करार केला, आणि तोही आपण वरच्या अंगाला असताना.

चीनला दोष देताना एक कटू गोष्टही लपवू नये. आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करारनामा १९९७ मध्ये मतास आला, तेव्हा चीनने विरोधी मत दिले, आणि आपण तटस्थ राहिलो. दिवाळीत चिनी माळांवर बहिष्कार घालणाऱ्या आपल्या घरांतूनही सियांग कुठून कुठे वाहते हे किती जणांना सांगता येईल?

अप्पर सियांग प्रकल्पाची चर्चा वर्षानुवर्षे चालली आहे. चीनने सोडलेला लोंढा झेलण्यासाठी तो हवा, असे शासन म्हणते आणि त्यात तथ्य आहे. पण २०२४-२५ मध्ये साध्या सर्वेक्षणालाच आदी बांधवांनी विरोध केला. त्यांची शेते आणि पूर्वजांची गावे बुडणार आहेत. त्यांना देशद्रोही ठरवणे सोपे आणि घातक आहे. सीमेवरचा हा समाज आपल्या बाजूला आहे म्हणून अरुणाचल आपला आहे. शासनाच्या प्रतिनिधींनी त्यांच्या गावसभांत बसावे, नुकसानीचा आणि पुनर्वसनाचा हिशेब आधी मांडावा, संमती घ्यावी. तोवर तुतिंगपासून पासीघाटपर्यंत पाण्याची पातळी मोजणारी आणि रात्री-अपरात्री धोक्याचा भोंगा वाजवणारी केंद्रे वाढवायला कोणाची हरकत असणार आहे?

त्सांगपो आणि ब्रह्मपुत्र एकच, हे १९१३ मध्ये बेली आणि मोर्सहेड यांनी त्या खोऱ्यात जाऊन ताडून पाहिले. किंथुपने सांगितले होते ते बहुतांशी खरे निघाले. त्याला शोधून काढून एक हजार रुपये देण्यात आले. त्यानंतर थोड्याच काळात तो वारला.