विमा कोणाचा : पेढीचा की बायकामुलांचा?

व्यक्तिगत आयुर्विम्याच्या हप्त्यांवरील वस्तू व सेवा कर सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून उठविला, हे आमच्या व्यापारी वाचकांस ठाऊक असेलच. परंतु त्या करात जो पंक्तिप्रपंच होता तो फारच थोड्यांच्या ध्यानात आला होता. शुद्ध मुदतीच्या विम्यावर सबंध हप्त्यामागे शेकडा १८ कर पडे. उलट बचतीची जोड असलेल्या विम्यावर पहिल्या वर्षी शेकडा साडेचार व पुढे सव्वादोन इतकाच. कर जोखमीच्या भागावर आहे, बचतीवर नाही, असे त्याचे समर्थन करीत. आणि ते तर्कास धरूनही होते. पण परिणाम असा होई की, जो गृहस्थ केवळ आपल्या पश्चात बायकामुलांची सोय पाही, त्याच्याच पदरी अधिक कर येई. तो भेद आता गेला आहे. तेव्हा मुदतीचा विमा उतरवावा की आजीवन, या प्रश्नाचा मोकळ्या मनाने विचार करण्यास हरकत नसावी.

दोहोंतील भेद थोडक्यात असा. मुदतीच्या विम्यात ठरलेल्या वर्षांत मृत्यू आला तरच रक्कम मिळते. विमेदार मुदत पार करून सुखरूप राहिला तर हाती काही येत नाही. आजीवन विम्यात मृत्यू केव्हाही आला तरी रक्कम मिळावयाचीच. शिवाय बोनस आहे, पुढे सालीना काही उत्पन्न आहे, आणि पॉलिसी गहाण टाकून कर्जही मिळते. साहजिकच एजंट सांगतो की यात पैसा बुडत नाही. एजंटाची दलाली हप्त्याच्या प्रमाणात असते व आजीवन विम्याचा हप्ता मोठा असतो, एवढे मात्र तो सांगत नाही.

पैसा बुडतो म्हणजे काय? गोदामाचा आगीचा विमा दरसाल उतरविणारा व्यापारी वर्षअखेर गोदाम जळाले नाही म्हणून हळहळत बसत नाही. स्वतःच्या प्राणाचा प्रश्न आला की मात्र त्याच शहाण्या माणसास हप्ता परत हवा असतो! ही हाव ओळखूनच हप्ते परत करणारे मुदतीचे विमेही बाजारात आले आहेत. त्यांचा हप्ता अर्थातच चढा असतो, आणि परत मिळते ते आपलेच, तेही बिनव्याजी.

आता हिशेब करू. पस्तिशीचा एक दुकानदार घ्या. घरी पत्नी व दोन लहान मुले. घरखर्च महिना ४० हजार. दुकानावर वीस लाखांचे कर्ज. त्याने दहा लाखांचा आजीवन विमा उतरविला, तर वीस वर्षे भरावयाचा सालीना हप्ता सुमारे पन्नास हजारांच्या घरात जाईल. निर्व्यसनी व निरोगी असल्यास तोच मनुष्य साठीपर्यंतचा एक कोटीचा मुदतीचा विमा सालीना पंधरा हजारांच्या आसपास घेऊ शकेल. हे आकडे कंपनीपरत्वे व प्रकृतिपरत्वे बदलतील, अंदाजापुरते धरावे. उद्या तो गेला तर पहिल्या विम्याचे दहा लाख शेकडा सहाने ठेवल्यास महिना पाच हजार येतील, आणि तेही सावकाराने काही शिल्लक ठेविले तर. दुसऱ्या विम्यात वीस लाखांचे कर्ज फेडूनही ऐंशी लाख उरतात व त्यांचे व्याज महिना ४० हजार होते, म्हणजे आजचा घरखर्च निघतो. महागाई पुढे वाढेल हे खरे. परंतु पाच हजार व चाळीस हजार यांतील अंतर तिने भरून निघत नाही.

तो जगला तर काय? हप्त्यांतील उरलेले ३५ हजार त्याने दरसाल भविष्य निर्वाह निधीत टाकले व शेकडा सात व्याज धरले, तर वीस वर्षांनी सुमारे १५ लाख ३५ हजार जमतात. शेकडा सहाने त्याचे सालीना उत्पन्न ९२ हजार. काही प्रचलित आजीवन पॉलिसींत हप्ते संपल्यावर मूळ रकमेच्या शेकडा ८, म्हणजे या उदाहरणात ८० हजार, दरसाल मिळतात, आणि मृत्यूनंतर मूळ रक्कम व बोनस. जगणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही पारडी फारशी खालीवर नाहीत हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. तफावत आहे ती अकाली मरणाऱ्याच्या घरात, आणि विमा त्याच घरासाठी निघाला.

देशाभिमानाचा एक मुद्दा येथे पुष्कळदा पुढे येतो, त्याचाही परामर्श घेऊ. एके काळी विलायती कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवीत तेव्हा त्याजकडून जादा हप्ता घेत. १८७० साली निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने हिंदी माणसाचा विमा सर्वसाधारण दराने उतरविण्यास आरंभ केला. १९१३ साली साताऱ्यास वकील अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया कंपनी काढली. १९५६ च्या जानेवारीत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी राष्ट्रीयीकरण जाहीर केले, व त्याच वर्षी १ सप्टेंबरास आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. बचतीचा विमा घेतल्याने पैसा राष्ट्राच्या कामी लागतो, हे तेव्हापासून ऐकू येत आहे. पण भविष्य निर्वाह निधी व पोस्टातील बचत यांचा पैसा तरी कोठे जातो? तो सरकारकडेच जातो. राष्ट्रकार्यासाठी पत्नीचे छत्र तोकडे करण्याची गरज नाही.

व्यापाऱ्यास आजीवन विम्याचा खरा मोह वेगळाच आहे. अडीनडीस पॉलिसी पेढीकडे किंवा बँकेकडे लिहून देता येते. सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु लिहून दिलेल्या विम्यावर पहिला हक्क धनकोचा; मृत्यूनंतर कर्ज व व्याज वळते होऊन उरेल तेवढेच विधवेच्या हाती. दुकान तोट्यात असतानाच पॉलिसी गहाण पडते, आणि त्याच काळजीच्या दिवसांत पुष्कळांची प्रकृतीही ढासळते. मग त्या बाईस दिराच्या किंवा भावाच्या तोंडाकडे पाहण्याशिवाय गती राहत नाही. स्त्रियांच्या स्वातंत्र्यावर व्याख्याने देणाऱ्या किती गृहस्थांनी आपल्या पॉलिसीवर नाव कोणाचे आहे हे अलीकडे पाहिले असेल? लग्नापूर्वी घातलेले वडिलांचे वा थोरल्या भावाचे नाव अद्याप तसेच असते. नाव असून भागते असेही नाही. नामनिर्देशित मनुष्य केवळ पैसे स्वीकारणारा, मालक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली ठरविले. २०१५ च्या दुरुस्तीने आईबाप, पती-पत्नी व मुले यांस हितसंबंधी हक्क दिला, तरी तिच्या अर्थाविषयी न्यायालयांत मतभेद दिसतातच.

आजन्म परावलंबी राहणारे अपंग अपत्य ज्याच्या घरी आहे, त्याने आजीवन विमा अवश्य घ्यावा. कारण त्याची जबाबदारी साठीला संपत नाही. सक्तीवाचून ज्याच्या हातून एक पैसा शिलकीस पडत नाही, त्यासही तो बरा. मात्र हप्ते मध्येच सोडून देणारांत अशाच मंडळींचा भरणा अधिक असावा. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी वर्षभराचा हप्ता भरून पॉलिसी सोडणारासही काही परत मिळण्याची सोय झाली आहे, तरी तोटा व्हावयाचा तो होतोच. इतरांनी आधी पुरेशा रकमेचा मुदतीचा विमा घ्यावा व मग ऐपत उरल्यास दुसऱ्याकडे वळावे, असे आमचे मत आहे. तंबाखूचे व्यसन किंवा जुना आजार अर्जात लपवू नये. तीन वर्षांनंतर कंपनीस पॉलिसीबद्दल हरकत घेता येत नाही. त्याआधी मात्र घेता येते, आणि तिला उत्तर देण्यास विमेदार हयात नसतो.

राहिली गोष्ट धनकोपासून बचावाची. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यातील सहाव्या कलमान्वये, पुरुषाने स्वतःच्या आयुष्याचा विमा पत्नीच्या अथवा पत्नी व मुलांच्या हितार्थ असे पॉलिसीवर नमूद करून उतरविला, तर तो त्यांच्यासाठी विश्वस्तनिधी होतो. त्यावर पतीची सत्ता चालत नाही, धनकोची चालत नाही, व तो त्याच्या मिळकतीत धरला जात नाही. धनकोस फसविण्याच्या हेतूने घेतलेला विमा मात्र यास अपवाद. आमच्या प्रांतातील हिंदू, मुसलमान, शीख व जैन यांस हे कलम १ एप्रिल १९२३ पासूनच्या विम्यांना लागू झाले. म्हणजे शंभर वर्षे ही ढाल हाताशी आहे. तिची किंमत एवढीच की अशी पॉलिसी पतीस गहाण टाकता येत नाही. आणि मुदतीच्या विम्यात गहाण टाकण्याजोगे मूल्यच नसल्यामुळे तेथे तीही किंमत पडत नाही. त्यासाठीचा निराळा फॉर्म विम्याच्या अर्जासोबतच भरून द्यावा लागतो. पॉलिसी हाती आल्यावर तो सहसा स्वीकारीत नाहीत. एजंटाने तो आपण होऊन आणला नाही, तर मागून घ्यावा.