तसबिरीपुढची एक फांदी

नांदेड-लातूरकडच्या आमच्या वस्त्यांतून हल्ली भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे प्लॅस्टिकची फुले फार दिसू लागली आहेत. धुतली की पुन्हा नवी, म्हणून माताभगिनींना ती सोयीची वाटतात. पण वंदनेत फुले अर्पण करताना आपण जी गाथा म्हणतो, तिचा अर्थ काय? हे फूल जसे कोमेजते, तसा हा देहही नाश पावणार आहे. जे कधी कोमेजतच नाही, त्याच्यापुढे ही गाथा म्हणायची तरी कशी? आमचे मत स्पष्ट आहे. प्लॅस्टिकच्या गुच्छापेक्षा बाटलीत ठेवलेली एक हिरवी फांदी किंवा शेवंतीचे एकच फूल बरे.

ही काही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली फॅशन नव्हे. सम्राट अशोकाच्या कन्या संघमित्रा थेरी इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेल्या. ती सोन्याच्या भांड्यात ठेवली होती, असे 'महावंस' सांगतो. त्यातले चमत्कार आपण बाजूला ठेवू. पण अनुराधपूरला तो वृक्ष आजही उभा आहे, आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही त्याच वंशाचा, भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिकडून आणलेला. सांचीच्या शिल्पांतही घटातून वर आलेली कमळे आहेत.

आपल्याला सोन्याचे भांडे नको. सरबताची किंवा औषधाची रिकामी बाटली गरम पाण्याने, सोड्याने धुतली की काम झाले. तोंड अरुंद असावे, म्हणजे एकटी काडी कलंडत नाही. गडद रंगाच्या बाटलीत शेवाळ कमी धरते. संक्रांतीला मिळणारे मातीचे बोळकेही शोभते, मात्र ते झिरपते. आत लहान बाटली ठेवावी. शेतावरची फवारणीच्या औषधाची बाटली कितीही सुबक असली, कितीही धुतली, तरी घरात आणू नये.

फांदी पेराच्या खाली तिरपी कापावी. मुळे पेरापासून फुटतात, म्हणून एक तरी पेर पाण्यात हवे. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, नाहीतर ती कुजून वास येतो. मनीप्लांट, पुदिना लवकर मुळे धरतात. मनीप्लांट चोरून आणला तर घरात पैसा येतो, असे शिकलेली माणसेही सांगतात! बाबासाहेबांच्या लेकरांनी तो शेजारणीकडून सरळ मागून घ्यावा. त्याचे पान चावले तर तोंडाची आग होते, तेव्हा रांगत्या मुलाच्या हाती लागू देऊ नये.

आता पाण्याचे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस बायका विसरलेल्या नाहीत. तेव्हा फुलदाणीला पाणी कुठले, असे कोणी म्हणेल. एका फांदीला अर्धा ग्लास पुरतो, आणि बदललेले पाणी कुंडीत ओतता येते. बदलायचे मात्र दर दोन-तीन दिवसांनी, आणि बाटली आतून घासूनच. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो, त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत.

पुष्कळांना तसबिरीपुढे पिंपळाचीच फांदी हवी असते. ती जरूर ठेवावी, पण साध्या पाण्यात ती सहसा मुळे धरत नाही. चार-आठ दिवसांनी कोमेजेल, तेव्हा काढून टाकावी. रोपच हवे असेल तर पावसाळ्यात जुन्या भिंतीच्या, विहिरीच्या फटीत पाहावे. पाखरांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांची पिंपळाची रोपे तिथे हमखास असतात. लहान असतानाच मुळासकट अलगद काढले तर भिंतही वाचते. वर्षभर कुंडीत वाढवून मग विहाराच्या मोकळ्या जागेत लावावे. खड्डा मात्र कोणत्याही बांधकामापासून चांगला लांब घ्यावा. पिंपळाची मुळे पाया उकरतात.