एक डॉक्टर, दोन दारे

विमा कंपन्यांच्या यादीत ज्याचे नाव आहे अशा डॉक्टराने उरलेल्या वेळात केवळ रोख पैसे घेणाऱ्या दवाखान्यात जाऊन बसावे की नाही, हा अमेरिकेतील वैद्यकव्यवसायापुढील एक प्रश्न आहे. वरकरणी तो क्षुल्लक वाटेल. आपल्या फावल्या वेळात कोणी कोठे घाम गाळावा, हे सांगणारे आपण कोण? परंतु रोगी हा काही कापडाचा गिऱ्हाईक नव्हे. या दुकानी भाव पटला नाही तर त्या दुकानी जाण्याची मुभा त्यास नसते, आणि म्हणूनच हा प्रश्न डॉक्टराच्या फावल्या वेळापुरता उरत नाही.

डॉक्टराची बाजू आम्ही प्रथम मांडतो, कारण ती पोकळ नाही. विमा कंपनीची पूर्वसंमती मिळाल्यावाचून अनेक तपासण्या करता येत नाहीत. कागद भरण्यास माणसे ठेवावी लागतात, दर कंपनी ठरविते आणि पैसे हाती पडण्यास विलंब लागतो. याउलट रोखीच्या दवाखान्यात दर भिंतीवर लिहिलेला असतो आणि रोग्याशी चार शब्द निवांत बोलता येतात. कित्येक ठिकाणी तर दरमहा ठराविक वर्गणी घेऊन कुटुंबाच्या प्रकृतीची देखभाल केली जाते. ज्याच्यापाशी विमाच नाही, अशा रोग्यास हा मार्ग कधी कधी स्वस्तही पडतो. तेव्हा रोखीचा दवाखाना म्हणजे लुटारूंचा अड्डा, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

अन्याय सुरू होतो तो निराळ्याच ठिकाणी. ज्याचा विमा सकाळच्या दवाखान्यात चालतो, तोच रोगी सायंकाळी त्याच डॉक्टरापुढे खिशात हात घालून उभा राहिला, तर त्याने वर्षानुवर्षे भरलेल्या हप्त्यांचे मोल काय?

वृद्धांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी विम्यापुरते तरी अमेरिकेच्या कायद्याने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. 1965 साली जॉन्सन यांच्या कारकीर्दीत ही योजना जन्मास आली. 1997 च्या कायद्याने डॉक्टरांना तीतून बाहेर पडून वृद्ध रोग्यांशी खाजगी करार करण्याची वाट मोकळी झाली. मात्र त्या वाटेवर एक पक्की चौकट बसविण्यात आली. बाहेर पडणाऱ्याने तसा प्रतिज्ञालेख द्यावयाचा, तो दोन वर्षे बंधनकारक, आणि रोग्याशी आधी लेखी करार करावयाचा. मुख्य गोष्ट ही की, बाहेर पडतो तो डॉक्टर, दवाखाना नव्हे. एका दवाखान्यात आत आणि दुसऱ्यात बाहेर, असे दोन्ही डगरींवर पाय ठेवता येत नाहीत. तातडीच्या उपचारांचा अपवाद सोडला तर तो सर्वत्र बाहेर. उलट जो योजनेत आहे, त्याने योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी वृद्धाकडून मनमानी रोख रक्कम घेतली, तर दारावरची पाटी वेगळी असल्याची सबब चालत नाही. खाजगी विमा कंपन्यांच्या बाबतीत मात्र सारा कारभार करारातील कलमांवर अवलंबून असतो, आणि ती कलमे रोग्याच्या दृष्टीस कधीच पडत नाहीत.

हे परदेशचे पुराण आम्ही का लावले, असे वाचक विचारतील. आपल्याकडे विमा योजनेचा दवाखाना आणि खाजगी व्यवसाय यांची सोयरीक जुनी आहे. 1948 च्या कायद्यान्वये आलेल्या राज्य कामगार विमा योजनेत मुंबईच्या गिरणी कामगाराने पॅनेलवरील डॉक्टराकडे जावयाचे होते. त्या डॉक्टरास माणशी ठराविक रक्कम मिळे, आणि त्याच खोलीत त्याचे फी देणारे रोगीही बसत. एका बाकावर दोन प्रकारचे रोगी! पुढे महाराष्ट्रात 2012 साली आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली, 2017 साली तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले, आणि 2018 साली केंद्राची आयुष्मान भारत योजना कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांचे छत्र घेऊन आली. या योजनांत जे रुग्णालय दाखल होते, त्याने कार्डधारकाकडून मंजूर उपचारासाठी दमडीही घेऊ नये, असा नियम आहे. नियम उत्तम आहे. परंतु तो बांधतो रुग्णालयास. शल्यचिकित्सक मात्र मोकळा! सकाळी तो योजनेच्या रुग्णालयात आणि सायंकाळी स्वतःच्या. 'येथे तारीख दोन महिन्यांनी मिळेल, घाई असेल तर संध्याकाळी तिकडे या' एवढे एक वाक्य पाच लाखांचे छत्र मिटविण्यास पुरेसे आहे. 'गरज सरो, वैद्य मरो' या म्हणीने रोग्याचा कृतघ्नपणा जगजाहीर केला. गरज असतानाच वैद्याने दार बदलावे, यावर मात्र आपल्याकडे म्हण नाही.

सारेच डॉक्टर असे वागतात, असा आमचा आरोप मुळीच नाही. योजनेचे दर परवडत नाहीत आणि देयके रखडतात, ही रुग्णालयांची तक्रार आम्हांस ठाऊक आहे, आणि सरकारने ती दूर केल्यावाचून डॉक्टरांस उपदेश करण्याचा त्याला अधिकार नाही. परंतु सरकारच्या दिरंगाईची वसुली कार्डधारक शेतमजुराच्या बायकोच्या मंगळसूत्रातून व्हावी, हे कोणत्या न्यायात बसते? डॉक्टराने रोखीचा व्यवसाय खुशाल करावा. योजनेत त्याच्याकडे आलेल्या रोग्यास मात्र त्याच आजारासाठी आपल्या खाजगी दारी नेऊन पैसे घेण्यास बंदी हवी, आणि ती रुग्णालयाच्या नावावर नव्हे, तर डॉक्टराच्या नोंदणी क्रमांकावर बजावलेली हवी. शिवाय प्रत्येक योजना-रुग्णालयाने शस्त्रक्रियांची प्रतीक्षायादी दर्शनी भागी मराठीत लावावी. कोणाची तारीख कोणती आणि ती का पुढे गेली, हे रांगेतील शेवटच्या माणसास वाचता आले पाहिजे.