रोम पाहावे गुडघे सांभाळून

युरोपची सहल म्हटली की मध्यमवर्गीय घरात आधी पासबुक उघडले जाते, नकाशा नंतर. कोल्हापूरच्या एका दांपत्यानेही हाच क्रम पाळला. गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, बाई शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवून नुकत्याच मोकळ्या झालेल्या. मुलगा जर्मनीत नोकरीला. त्याच्याकडे महिनाभर राहायला गेल्यावर बाईंनी एकच मागणे मागितले, "दहा देश नकोत. रोम तेवढं दाखवा."

वेगळ्या व्हिसाचा प्रश्न नव्हता. शेंगेन व्हिसा एकदा मिळाला की त्याच्या मुदतीत जर्मनीतून इटलीला जाता येते. त्याची फी जून २०२४ पासून माणशी ९० युरो आहे आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. ते सोपस्कार भारतातच उरकले होते. मुलगा म्हणाला, "बाबा, हॉटेल, तिकिटं, गाइड, सगळं मी करतो." गृहस्थांनी हात वर केला. "आईची सहल माझ्या पैशानं होणार." त्यांनी सहाशे युरो बाजूला काढले. विमानभाडे सोडून दोघांचा चार रात्रींचा सगळा खर्च त्यात बसवायचा होता. युरोचा भाव शंभर रुपयांच्या घरात, म्हणजे साठ हजार झाले. त्यांनी एक वही घातली आणि फेब्रुवारीच्या अखेरीस एका गुरुवारी दोघे रोमला उतरले.

हंगाम त्यांनी अचूक निवडला होता. नाताळ संपल्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत रोममध्ये खोल्या स्वस्त मिळतात आणि उन्हाळ्यासारखी होरपळ नसते. पाऊस मात्र येतो, छत्री हवीच.

नऊ युरोंची बचत

फ्युमिचिनो विमानतळावरून शहरात जायला दोन गाड्या आहेत. थेट तेर्मिनी स्टेशनला जाणारी जलद गाडी अर्ध्या तासात पोचवते, तिकीट १४ युरो. दुसरी साधी गाडी ८ युरोंची, पण ती तेर्मिनीला जातच नाही. ओस्तिएन्से स्टेशनवर उतरून पुढे दीड युरोची मेट्रो धरावी लागते. गृहस्थांनी मनात गणित केले आणि साधी गाडी पकडली. दोघांचे मिळून नऊ युरो वाचले. पण ओस्तिएन्सेहून मेट्रोपर्यंत सामान ओढत भुयारी वाटेने जावे लागले आणि वाटेत जिने लागले. बाई काही बोलल्या नाहीत. फक्त मेट्रोत बसल्यावर डावा गुडघा चोळत राहिल्या.

मुक्काम तेर्मिनीजवळ, जोगिणींच्या मठाने चालवलेल्या अतिथिगृहात होता. रोममध्ये अशी बरीच अतिथिगृहे आहेत. खोल्या साध्या, पण लख्ख. सकाळी पाव, जॅम आणि कॉफी मिळते. रात्री ठरलेल्या वेळी दार बंद होते, तेवढे विचारून ठेवावे. खोलीच्या भाड्याखेरीज महापालिकेचा मुक्काम कर माणशी दर रात्री द्यावा लागतो. तो आधी सांगितलेल्या भाड्यात बहुधा धरलेला नसतो. गृहस्थांनी तो धरला होता. बँकेतली सवय!

पाणी फुकट, पोटाला पिझ्झा

पहिल्याच संध्याकाळी एक चांगला शोध लागला. रस्त्याच्या कडेला ओतीव लोखंडाचे कमरेएवढे खांब उभे असतात आणि त्यांच्या वाकड्या तोटीतून अखंड पाणी वाहत असते. रोमकर त्यांना 'नासोने', म्हणजे मोठे नाक म्हणतात. १८७४ पासून बसवलेले हे नळ आजही शहरात सुमारे अडीच हजार आहेत. पाणी थंडगार आणि पिण्याजोगे. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या छिद्रातून कारंजे उडते आणि ओणवे न होता पिता येते. एक रिकामी बाटली जवळ ठेवली की चार दिवस पाण्याला पैसा लागत नाही.

दोघे शाकाहारी. बाईंनी घरून चिवडा आणि दशम्या घेतल्या होत्याच, पण उपास घडला नाही. रोममध्ये चौकोनी ताटांतला पिझ्झा कात्रीने कापून वजनावर विकतात. हवा तेवढा तुकडा हाताने दाखवायचा. बटाट्याचा पिझ्झा असतो. 'मारिनारा' पिझ्झावर टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो एवढेच असते, चीजसुद्धा नसते. इथले मेंढीच्या दुधाचे पेकोरिनो चीज करताना जनावराच्या पोटातले विरजण वापरतात. कडक शाकाहारी माणसांनी हे लक्षात ठेवावे. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यावी. तीच कॉफी चौकातल्या टेबलाशी बसून घेतली की बिल कितीतरी वाढते.

मिरीचा वास

शुक्रवारी सकाळी कलोसियम. १८ युरोंच्या तिकिटात शेजारचा फोरम आणि पॅलाटाइन टेकडीही येते. तिकिटावर नाव छापलेले असते, म्हणून पासपोर्ट जवळ हवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो, पण त्या दिवशी रांग फार लांब लागते. व्हेस्पेशियन बादशहाने काम सुरू केले आणि त्याचा मुलगा टायटस याने इ. स. ८० मध्ये ही वास्तू खुली केली, हे बाईंना गाइडकडून ऐकावे लागले नाही. वर्गात शिकवल्यासारखे त्यांनीच ते सांगितले आणि गृहस्थांनी विद्यार्थ्यासारखे ऐकले.

फोरममध्ये मॅक्सेन्टियसच्या बॅसिलिकाच्या भव्य कमानींखाली त्या थबकल्या. ही इमारत ज्या जागी उभी राहिली, तिथे आधी डोमिशियन बादशहाच्या काळातली मसाल्यांची वखार होती. नावच मिरीवरून पडलेले, 'होरेया पिपेरातारिया'. मिरी येत होती आपल्या मलबार किनाऱ्यावरून. भारत दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात लिहून ठेवली आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची छोटी रोमन कांस्यमूर्ती सापडली होती. टाउन हॉल संग्रहालयात ती दाखवायला बाई दरवर्षी वर्ग घेऊन जात. "ती मूर्ती इथल्याच लोकांची बरं का," त्या म्हणाल्या, "आणि मी आता मूर्तीच्या माहेरी आलेय." गृहस्थांनी त्या दिवशी पहिल्यांदा घड्याळ पाहिले नाही.

एकशे चोवीस पायऱ्या

पण फोरमचा रस्ता दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळ्या दगडांचा, उंचसखल. दुपारपर्यंत गुडघा सुजला. गृहस्थांच्या यादीत अजून कॅपिटोलाइन टेकडी, ट्रेजनचा स्तंभ आणि नदीपलीकडचा जानिकोलो डोंगर होता, आणि हे सगळे चालत करायचे होते. कॅपिटोलाइनच्या पायथ्याशी आराकोएली चर्चचा १३४८ सालचा १२४ पायऱ्यांचा सरळसोट जिना आहे. "वर जाऊ या, फुकट आहे," गृहस्थ म्हणाले आणि चढूही लागले. दहा-बारा पायऱ्यांनंतर मागे वळून पाहतात तो बाई खालच्याच पायरीवर बसलेल्या.

"अगं, चल ना."

"अहो, फुकट कुठंय? पैसे मी देतेय, पायांनी." आणि मग थोडे थांबून, "तुमच्या वहीत माझा गुडघा कुठल्या रकान्यात मांडलाय?"

रस्त्यात भांडण नको म्हणून दोघे गप्प बसली. पण त्या शांततेत तेहतीस वर्षांचे पुष्कळ काही होते. वाचवलेल्या रिक्षा, चालत गाठलेली स्टँडे, सेकंड क्लासचे प्रवास. ती काटकसर मुलाच्या शिक्षणासाठी होती आणि तेव्हा दोघांचे पाय सारखे चालत होते. आता मूल मार्गी लागले होते आणि पाय मात्र तेच राहिले नव्हते.

गृहस्थ खाली आले. दोघांनी बस धरली आणि खोली गाठली.

यादीवर काट

रात्री गुडघ्याला बाम चोळून झाल्यावर बाईंनी यादी मागून घेतली. तेवीस ठिकाणे होती. "चौदा काढा," त्या म्हणाल्या. गृहस्थांनी सात काढली आणि अडले. उरलेल्यांत सर्वांत मोठे होते व्हॅटिकनचे संग्रहालय आणि त्यातले सिस्टीन चॅपेल. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते सकाळी मोफत उघडते, म्हणून तर सहलीच्या तारखा तशा धरल्या होत्या. पण त्या दिवशी आरक्षण नसते. पहाटेपासून भिंतीच्या कडेने रांग लागते, आणि आत गेल्यावरही चॅपेलपर्यंत पुष्कळ चालणे असते.

"शनिवारचं तिकीट काढू," गृहस्थ म्हणाले, "पन्नास जाऊ देत." फोनवर बघितले तर शनिवारची सगळी तिकिटे संपलेली. मुलाने आठवडाभर आधी हेच सुचवले होते. तेव्हा २० युरो तिकीट आणि ५ युरो आरक्षण हा आकडा दोघांचा मिळून फार वाटला होता.

मायकलअँजेलोने १५०८ ते १५१२ अशी चार वर्षे रंगवलेले ते छत बाईंनी आयुष्यभर पुस्तकातल्या पानभर चित्रावरून शिकवले होते. पेन्सिल त्यांनीच उचलली आणि त्या ओळीवर रेघ मारली. गृहस्थ काही बोलू शकले नाहीत.

दिव्याची नाणी

शनिवारी दोघे सकाळी सातलाच सेंट पीटर्सला पोचले. बॅसिलिकात प्रवेश मोफत असतो. सुरक्षा तपासणीची रांग दिवस चढेल तशी वाढत जाते, म्हणून लवकर जाण्यात फायदा. बुधवारी पोपची सार्वजनिक भेट असली की सकाळी आत सोडत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. साडी नेसलेल्या बाईंना कोणी हटकले नाही. घुमटाच्या ५५१ पायऱ्या त्यांनी खालूनच पाहिल्या. आत शिरताच उजवीकडे, मायकलअँजेलोने पंचविशीच्या आत घडवलेली 'पिएता' आहे, मृत मुलाला मांडीवर घेतलेली आई. १९७२ मध्ये एका माथेफिरूने तिच्यावर हातोडा चालवला, तेव्हापासून ती काचेमागे असते. सात-सव्वासातला तिथे गर्दी नव्हती. बाई बराच वेळ उभ्या राहिल्या. सिस्टीन हुकले तरी तो हात इथे भेटला होता.

दुपारी खोलीवर विश्रांती. पुष्कळशी चर्चेही दुपारी बंद असतात, त्यामुळे नुकसान काहीच नाही. संध्याकाळी बसने पिआत्सा नाव्होनाजवळ उतरून दोघे सान लुइजी देई फ्रांचेसी या चर्चमध्ये गेले. बसच्या गर्दीत पाकीट पुढच्या खिशात आणि हात पाकिटावर ठेवावा, ही सूचना रोममध्ये विसरू नये. या चर्चच्या डाव्या कोपऱ्यात कॅराव्हॅज्जोने १५९९ ते १६०२ या काळात रंगवलेली संत मॅथ्यूची तीन चित्रे आहेत. ज्यासाठी जगभरच्या संग्रहालयांत तिकीट पडते, तो चित्रकार इथे मोफत! कोपरा अंधारा होता. पेटीत नाणे टाकले की काही मिनिटे दिवा लागतो.

गृहस्थांनी एक नाणे टाकले. उजेड पडला. कर गोळा करणारा मॅथ्यू टेबलाशी बसून पैसे मोजतो आहे आणि दारातून येशू त्याच्याकडे बोट दाखवतो आहे. बाई एकेक चेहरा वाचू लागल्या. खट्ट! दिवा गेला. त्या हलल्या नाहीत. गृहस्थांनी खिसा चाचपला आणि न सांगता दुसरे नाणे टाकले. मग तिसरे.

"अहो, पुरे."

"बघ तू निवांत. पैसे मोजणाऱ्या माणसाचंच चित्र आहे."

रविवारी पाऊस होता. दोघे पँथिऑनमध्ये गेले. जुलै २०२३ पासून इथे पाच युरोंचे तिकीट लागते. एकोणीस शतके उभ्या असलेल्या त्या घुमटाचा व्यास ४३ मीटर आणि माथ्याला जवळपास नऊ मीटरचे उघडे छिद्र आहे. पाऊस थेट आत पडतो आणि फरशीतल्या बारीक भोकांतून वाहून जातो. दोघे कडेच्या बाकावर बसले आणि आभाळातून घरात येणारा पाऊस पाहत राहिले. यादीत दुसरे काहीच नव्हते.

सोमवारी परतताना गृहस्थांनी थेट तेर्मिनीहून निघणारी १४ युरोंची गाडी घेतली. तरीही सहाशेतले एकोणतीस युरो उरले.

शेजारपाजारचे आता विचारतात, "रोमला गेलात, म्हणजे सिस्टीन चॅपेल पाहिलंच असेल?" गृहस्थ सरळ "नाही" म्हणतात आणि का नाही, तेही सांगतात. ती वही अजून त्यांच्या टेबलावर आहे. शेवटच्या पानावर 'दिव्याला, ३ युरो' अशी नोंद आहे. तिच्याखाली वेगळ्या शाईत लिहिले आहे, 'व्हॅटिकन: तिकीट महिनाभर आधी काढणे. पैशांकडे बघू नये.' आणि त्याखाली बाईंच्या अक्षरात, 'आणि जिने मोजून घेणे.'