विश्लेषण : श्रमदानाने हटलेले शाळेतले पाणी पुढच्या पावसात पुन्हा का तुंबते?

पहिला मोठा पाऊस पडला की जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांच्या आवारात तळे साचते. प्रार्थना व्हरांड्यात होते, खेळाचा तास बुडतो. साचलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डासांची नवी पिढी तयार होते. राष्ट्रीय सेवा योजनेचे (एनएसएस) स्वयंसेवक शिबिरात चर खणून देतात. तरीही अनेकदा पुढच्या पावसात तळे पुन्हा दिसते. असे का होते?

शिबिरात काय राहून जाते?

२४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांसह ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यायचे, शिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर. एका शाळेचा निचरा सुधारायला एवढे हात पुरेसे आहेत. अडचण वेळेची आहे. शिबिरे बहुतेक हिवाळ्यात होतात आणि तेव्हा आवार कोरडे असते. पाणी कुठून येते, कुठे थांबते हे कुणी पाहिलेलेच नसते. त्यामुळे चर अंदाजाने खणला जातो. ही पाहणी स्वयंसेवकांनी जुलैतच करून ठेवावी.

पाण्याचे गणित काय सांगते?

१०० चौरस मीटर छतावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५,००० लिटर पाणी खाली येते. म्हणजे २०० लिटरचे २५ ड्रम. एक मीटर लांब, रुंद आणि खोल शोषखड्ड्यात दगड भरल्यावर ५०० लिटरही मावत नाही. काळ्या मातीत तर पाणी जिरतेही हळू. म्हणून छताचे पाणी नालीनेच बाहेर काढावे. नालीला मीटरमागे एक सेंटीमीटर उतार हवा. तो गवंड्याकडच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने मोजता येतो.

मग शोषखड्डा कशासाठी?

हात धुण्याच्या आणि पोषण आहाराची भांडी घासण्याच्या पाण्यासाठी. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन डासांवर मात केली. मात्र शाळेत खड्ड्याआधी भाताची शिते अडवणारी जाळी हवी, नाहीतर खड्डा लवकर बुजतो. खड्डा विहीर आणि बोअरवेलपासून लांब असावा.

स्वयंसेवकांनी काय करू नये?

शौचालयाच्या टाकीत किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये कुणीही उतरू नये. तिथला विषारी वायू जीव घेतो. ते काम यंत्राचे आणि प्रशिक्षित माणसांचे आहे.

श्रमदानानंतर जबाबदारी कुणाची?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात वर्गखोली, शौचालय, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण आहे. पाण्याचा निचरा नाही. पण याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीला शाळा विकास आराखडा करायला सांगितले आहे. समग्र शिक्षा योजनेच्या शाळा अनुदानातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेसाठी आहे. तेव्हा दरवर्षी मे महिन्यात नाली कोण साफ करणार आणि खर्च कुठून येणार, हे आराखड्यात लिहून घ्यावे.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी फोटो जरूर काढा. पण त्याआधी समितीच्या ठरावावर सही घ्या. तरुण सात दिवस येतात, पाऊस चार महिने पडतो.